घरी आलेले कुत्रे घरचे कसे होते?

(द्वितीय वर्ष, कला)

कुत्रा हा मानवाचा सर्वांत जुना सोबती होय. माणूस शेती करू लागला त्याच्याही आधीपासून तो माणसाच्या वस्तीला आहे. आपल्या परंपरेत तर त्याला मानाचे स्थान आहे. श्रीदत्तांच्या पायाशी चार कुत्री असतात, खंडोबाबरोबर कुत्रा असतो. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिर सोबतच्या कुत्र्याला टाकून एकटा स्वर्गात जायला तयार होत नाही. संत नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो: कुत्र्याने भाकरी पळवली, आणि ती कोरडी लागेल म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले.

या सर्व कथांत माणसाच्या अंतःकरणाची थोरवी सांगितली आहे. परंतु तूप घेऊन धावणाऱ्या माणसाकडे पाहून त्या कुत्र्याला काय वाटले असेल, असा प्रश्न मला गेल्या वर्षापर्यंत कधी पडला नव्हता. आपल्यामागे कोणी धावत आहे एवढेच त्याला कळले असणार. धावणाऱ्याच्या हातात काठी आहे की तुपाची वाटी, हे थांबून पाहण्याची त्याची हिंमत कुठून होणार?

हा प्रश्न मला पुस्तकामुळे पडला नाही, आमच्या घरी घडलेल्या एका प्रसंगामुळे पडला. पुस्तकाकडे मी त्यानंतर वळले. रस्त्यावरचे अथवा निवाऱ्यातील कुत्रे घरी आणल्यावर ते घरात रुळावे यासाठी काय करावे, आणि विशेषतः काय करू नये, हे अनुभव व अभ्यास यांच्या आधारे मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आमच्या चुका

आमचे गाव कराडपासून काही मैलांवर, पुणे-बंगळूर महामार्गाच्या अलीकडे आहे. महामार्गावर वाहनाखाली सापडलेल्या जनावरांची काही तरुण मंडळी हौसेने देखभाल करतात. त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी एक तांबूस रंगाची कुत्री पाहिली. मागचा डावा पाय मोडून वेडावाकडा जुळलेला, कपाळावर पांढरा ठिपका. तिचे निर्बीजीकरण झाले होते, रेबीजची लस दिलेली होती आणि तसा कागदही होता. घरी चार दिवस हट्ट करून, २०२५ च्या नागपंचमीच्या आधीच्या रविवारी, मी तिला टेम्पोतून घरी आणले. कपाळावरच्या ठिपक्यावरून तिचे नाव ठेवले चांदी.

त्या दिवशी आम्ही जे जे केले ते सर्व प्रेमाने केले, आणि जवळजवळ सर्वच चुकीचे केले. प्रथम तिला परड्यात नळीखाली धरून साबणाने आंघोळ घातली. मग सोप्यात खांबाला साखळीने बांधले. गल्लीतली दहा-बारा मुले तिला पाहायला जमली. प्रत्येकाने "चांदी, चांदी" अशी हाक मारून डोक्यावर हात फिरवला. भावाने वाटीभर दूध पुढे केले. तिने ते पिऊन टाकले आणि रात्री सोप्यात हगवण झाली. आई चिडली. दुसऱ्या दिवशी साखळी सोडताच ती जी आजीच्या खाटेखाली भिंतीला चिकटून बसली, ती बाहेरच येईना.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ खाटेखाली पालथा पडून आत सरकला आणि तिचा पुढचा पाय धरून तिला ओढू लागला. त्याला तिला खेळायला न्यायचे होते. ती आधी गुरगुरली. तो हसला. मग तिने त्याचा हात धरला. दोन दातांच्या खोल जखमा झाल्या आणि रक्त आले.

सरकारी रुग्णालयात जखम पुन्हा साबणाने धुतली, जखमेभोवती सीरम टोचले आणि लशीची पहिली मात्रा दिली. त्याच रात्री दादांनी आपला निर्णय सांगितला. दादा फार बोलत नाहीत. ते म्हणाले, "गणपतीत घरात पावनं येत्यात, ल्हान पोरं येत्यात. तंवर ती सुधारली तर ऱ्हाऊ दे. न्हाईतर जिथनं आणली तिथं हायवेला सोडून येतो."

त्यांचे म्हणणे अन्यायाचे नव्हते. त्यांच्या मुलाच्या हाताला पट्टी होती. पण महामार्गावर सोडणे म्हणजे काय हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. तीन पायांनी चालणारी कुत्री तिथे किती दिवस टिकेल? गणेश चतुर्थीला बरोबर अठ्ठावीस दिवस उरले होते.

रडणे आवरल्यावर मला आजीचे एक वाक्य आठवले. पहिल्याच दिवशी ती म्हणाली होती, "पोरी, नवी सून घरात आली म्हंजी पहिल्याच दिशी तिला कुणी जात्यावर बसवतं का? दार कुठं, मोरी कुठं, त्ये तरी तिला कळू दे." तेव्हा आम्ही सर्वजण हसलो होतो.

पुस्तकातील दोन कुत्री

मानसशास्त्राच्या अभ्यासात आपल्याला कुत्र्यांवरील दोन प्रसिद्ध प्रयोग भेटतात. परीक्षेपुरते ते मी पाठ केले होते. खाटेखालच्या कुत्रीकडे पाहताना त्यांचा अर्थ लागला.

पहिला प्रयोग पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाचा. त्यांना १९०४ मध्ये पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. अन्न देण्यापूर्वी दरवेळी एखादा ठरावीक आवाज केला, तर काही दिवसांनी नुसत्या त्या आवाजानेच कुत्र्याच्या तोंडाला लाळ सुटते, असे त्यांनी दाखवले. याला आपण अभिजात अभिसंधान म्हणतो. याची दुसरी बाजू आपण विसरतो. आवाजामागून अन्न आले तर आवाज गोड होतो, तसाच आवाजामागून त्रास आला तर तो कडू होतो. आम्ही पहिल्या दिवशी "चांदी" अशी शंभर वेळा हाक मारली आणि प्रत्येक हाकेमागून तिला नळीचे पाणी, साखळी आणि अनोळखी हात मिळाले. म्हणजे तिचे नाव तिला भीतीची सूचना म्हणून आम्हीच शिकवले.

दुसरा प्रयोग अमेरिकेत सेलिग्मन आणि मायर यांनी केला व १९६७ मध्ये प्रसिद्ध केला. काही कुत्र्यांना विजेचे झटके देण्यात आले. एका गटाला समोरची पाटी दाबून झटका थांबवता येत असे. दुसऱ्या गटाने काहीही केले तरी झटका थांबत नसे. नंतर या कुत्र्यांना अशा पेटीत ठेवले की मधली बुटकी फळी ओलांडताच झटक्यातून सुटका व्हावी. पहिल्या गटातील कुत्री उडी मारायला शिकली. दुसऱ्या गटातील बहुतेक कुत्री मात्र जागीच बसून झटका सोसत राहिली. दार उघडे होते, पण उठून पाहण्याची इच्छाच उरली नव्हती. याला "शिकलेली असहायता" असे नाव मिळाले. हे ज्ञान आपल्याला मिळाले त्याची किंमत त्या मुक्या जनावरांनी मोजली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या गोष्टीचा उत्तरार्ध पाठ्यपुस्तकात सहसा नसतो. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, मायर आणि सेलिग्मन यांनी मेंदूवरील नव्या संशोधनाच्या आधारे आपलाच सिद्धांत उलट करून मांडला. दीर्घकाळ त्रास झाल्यावर गप्प पडून राहणे ही शिकलेली गोष्ट नव्हे, ती प्राण्याची मूळचीच प्रतिक्रिया आहे. शिकावे लागते ते हे, की आपल्या करण्याने काही बदलते, आपल्या हाती काही आहे.

माझ्या मते रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या बाबतीत सर्व काही या एका वाक्यात आले. आपण त्याला अन्न देतो, छप्पर देतो, माया देतो. पण जवळ यायचे की दूर जायचे, हे ठरवण्याचा अधिकार देत नाही. चांदी खाटेखाली गेली, म्हणजे दूर गेली. ती गुरगुरली, म्हणजे दूर राहा असे सांगितले. आम्ही दोन्ही ऐकले नाही. मग तिच्यापाशी एकच उपाय उरला. चावा हे तिचे पहिले बोलणे नव्हते, शेवटचे होते.

पहिले तीन दिवस: काही न करण्याचे

कुत्री सांभाळणाऱ्या मंडळींत तीनाचा एक ठोकताळा रूढ आहे. नव्या जागेची धडकी कमी व्हायला साधारण तीन दिवस, घराची रीत कळायला तीन आठवडे आणि घर आपले वाटायला तीन महिने लागतात. हा नियम नव्हे, अंदाज आहे. एखादे कुत्रे चार दिवसांत रुळते, एखाद्याला वर्ष लागते. तरीही हा ठोकताळा उपयोगी आहे, कारण तो आपल्या उतावळेपणाला लगाम घालतो. आम्ही चाव्यानंतर सर्व पहिल्यापासून पुन्हा सुरू केले.

पहिल्या तीन दिवसांत मुख्य काम म्हणजे काही न करणे. कुत्र्याला घरात एक कोपरा द्यावा. तो वर्दळीपासून दूर, शक्यतो दोन बाजूंनी बंद असावा. त्यात जुनी गोधडी अथवा पोते अंथरावे, जवळ पाणी ठेवावे. त्या कोपऱ्यात गेलेल्या कुत्र्याला कोणीही हात लावायचा नाही, डोकावून पाहायचे नाही, हा घरातील लहानथोर सर्वांसाठी नियम करावा. कोपऱ्यातून बाहेर पडायची वाट मोकळी असावी, मात्र घराचे व अंगणाचे दार बंद असावे. नवे कुत्रे घाबरून पळाले तर त्याला परतीची वाट ठाऊक नसते. म्हणून पहिले काही आठवडे बाहेर नेताना गळ्यात पट्टा आणि हातात दोरी हवीच.

आंघोळ पुढे ढकलावी. अंगावर गोचीड, पिसवा असतील तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने औषध लावावे. खाणे पूर्वी जे मिळत होते तेच थोडे दिवस द्यावे आणि नवे अन्न हळूहळू मिसळावे. मोठ्या कुत्र्यांपैकी अनेकांना दूध पचत नाही. आपल्याकडे कुत्रे आणले की पहिल्यांदा दुधाची वाटी पुढे येते, म्हणून हे मुद्दाम सांगते.

जवळ जायचे झाल्यास समोरून वाकून जाऊ नये. थोडे बाजूला, पाठ अर्धी वळवून जमिनीवर बसावे. डोळ्यांत रोखून पाहू नये. डोक्यावरून हात आणू नये. त्याला हुंगू द्यावे. आपण चेहरा पाहून माणूस ओळखतो, कुत्रे वासावरून ओळखते. वास घेऊन ते मागे फिरले तर तेही उत्तर मानावे.

मी रोज सायंकाळी खाटेपासून चार हातांवर भिंतीला टेकून बसत असे आणि अभ्यासाचे पुस्तक हलक्या आवाजात वाचत असे. पाच दिवस तिने मान वर केली नाही. सर्व झोपल्यावरच ती खाई. सकाळी थाळी रिकामी दिसली की आजी मला खुणेने सांगे.

कुत्र्याची भाषा

कुत्रे बोलत नाही हा आपला गैरसमज आहे. ते सर्व अंगाने बोलते. टुरिड रुगास या नॉर्वेमधील प्रशिक्षिकेने कुत्र्यांच्या अशा खुणांचे बारकाईने निरीक्षण करून लेखन केले आहे. झोप आलेली नसताना जांभई देणे, अन्न नसताना ओठांवरून जीभ फिरवणे, मान दुसरीकडे वळवणे, उगाच जमीन हुंगणे, ही सर्व "मला अवघड वाटते आहे, जरा दमाने घ्या" असे सांगण्याची लक्षणे आहेत. शेपटी पोटाखाली घेणे, कान मागे पाडणे, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसणे ही भीती वाढल्याची लक्षणे होत. अंग एकदम ताठ होऊन कुत्रे स्तब्ध झाले, तर आपण तत्काळ हात मागे घ्यावा.

गुरगुरण्याबद्दल विशेष सांगायला हवे. कुत्रे गुरगुरले की त्याला फटका मारण्याची आपली रीत आहे. गुरगुरणे ही सूचना आहे. मार खाऊन कुत्रे सूचना देणे सोडते, भीती मात्र तशीच राहते. असे कुत्रे पुढे सूचना न देता चावते आणि आपण त्याला बेइमान म्हणतो. खरे तर त्याची जीभ आपणच कापलेली असते. शेपटी हलली म्हणजे कुत्रे खूश आहे, हेही सर्ववेळी खरे नाही. ताठ शेपटी थोडी थोडी हलत असेल तर ते कुत्रे सावध झालेले असते.

तीन आठवडे: घराची रीत

पुढच्या काळात कुत्र्याला सर्वांत अधिक हवी असते ती निश्चितता. खाणे, बाहेर नेणे आणि निजणे यांच्या वेळा ठरवाव्यात. पुढे काय होणार हे ज्याला कळते त्याची भीती अर्धी होते. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात वेळापत्रक कळेपर्यंत आपण सर्वच जिन्यात घुटमळत होतो, हे आठवून पाहावे.

लघवीसाठी झोपेतून उठल्यावर व खाल्ल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावे, तिथे केल्यास लगेच खाऊ द्यावा. घरात घाण केली तर नाक घासणे, मारणे हे प्रकार पूर्ण निरुपयोगी आहेत. त्यातून कुत्रे एवढेच शिकते की माणसांसमोर लघवी करणे धोक्याचे आहे, आणि मग ते कोपरे शोधते.

नावाचे आम्ही वाटोळे केले होते, म्हणून ते नव्याने शिकवले. "चांदी" एवढेच हळू म्हणायचे आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा तिच्या दिशेने टाकायचा. जवळ बोलवायचे नाही, हात लावायचा नाही. दिवसातून दोन वेळा, प्रत्येकी पाच-सहा तुकडे. रागवायचे असेल, बांधायचे असेल, औषध पाजायचे असेल, तर नावाने हाक मारायची नाही, असा घरात ठराव झाला. नवव्या दिवशी ती खाटेखालून निघून उंबऱ्यापर्यंत आली. तिसऱ्या आठवड्यात तिने माझ्या तळहातावरचा तुकडा घेतला.

खाताना थाळीला हात लावून "परीक्षा" पाहू नये. उलट दूरून जाता जाता थाळीत आणखी एक चांगला घास टाकावा. माणूस जवळ आला की अन्न जाते ही भीती जाऊन, माणूस जवळ आला की अन्न वाढते हे त्याला कळते. घरात शेळी, कोंबड्या, मांजर असतील तर पहिली ओळख दोरी धरून, लांबून करावी. एकटे राहणेही थोडे थोडे शिकवावे. आधी दोन मिनिटे दाराबाहेर जाऊन परत यावे, मग पाच, मग पंधरा.

लहान मुलांना तीन नियम पाठ करून घ्यावेत: झोपलेल्या, खाणाऱ्या आणि लपलेल्या कुत्र्याला हात लावायचा नाही. माझ्या भावाने हे नियम खडूने खाटेच्या पायावर लिहिले. तिच्याजवळ न जाण्याची सर्वांत अधिक काळजी पुढे त्यानेच घेतली. आणि तो जवळ जात नव्हता, म्हणूनच की काय, काही दिवसांनी ती आपण होऊन त्याच्याजवळ जाऊन बसली.

आरोग्य आणि कायदा

या बाबतीत भावनेला जागा नाही. आणलेले कुत्रे त्याच आठवड्यात पशुवैद्यकाला दाखवावे. रेबीजची लस द्यावी व दरवर्षी ती पुन्हा द्यावी. डिस्टेंपर, पार्व्हो या रोगांवरील लस आणि जंतांचे औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने द्यावे. कांदा, लसूण, द्राक्षे, बेदाणे आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी ठरू शकतात. शिजवलेली हाडे फुटून त्यांची टोके आतड्यात घुसतात.

कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची लावू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दंडात दिली जाणारी लशीची मात्रा आणि कातडीत दिली जाणारी मात्रा यांची वेळापत्रके वेगळी असतात. भावाला कातडीत दिली. पहिला दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढील मात्रा झाल्या. रक्त आले असेल तर सीरमही लागते. चावणारे कुत्रे लस दिलेले आणि घरचे असले तरी उपचार डॉक्टरांना विचारल्याखेरीज टाळू नयेत. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी. रेबीज एकदा बळावला की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच, हे प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.

कायद्याचा प्रश्नही गेल्या वर्षी सर्वांच्या तोंडी होता. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील मोकाट कुत्री पकडून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्ट रोजी तो बदलून, रेबीज झालेली अथवा आक्रमक कुत्री वगळता, बाकीची निर्बीजीकरण व लसीकरण करून मूळ जागी सोडावीत असे सांगितले. त्याच आदेशात कुत्री दत्तक घेण्याची मुभा आहे. परंतु दत्तक घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्यावर टाकली आहे. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ नुसारही उपचार केलेले मोकाट कुत्रे जिथून पकडले तिथेच सोडायचे असते. यामागे व्यवहार आहे. परक्या हद्दीत टाकलेल्या कुत्र्यावर तिथली कुत्री तुटून पडतात. म्हणून कुत्रे आणण्यापूर्वीच घरातल्या सर्वांचा विचार घ्यावा. मी हट्टाने आणले, ही माझी पहिली चूक होती, आणि ती आंघोळीच्याही आधीची आहे.

तीन महिने: आवाज आणि दार

भावाच्या लशीची शेवटची मात्रा नेमकी गणेश चतुर्थीला आली. गणपती बसवून दादा त्याला घेऊन गेले. घरात पाहुणे होते, मुले होती. चांदीला आम्ही परड्याकडच्या खोलीत ठेवले होते आणि मी तिथेच बसले होते. दारावर सूचना लिहून लावली होती. कोणी आत आले नाही, ती बाहेर गेली नाही. ती सुधारली असे म्हणण्यासारखे त्या दिवशी काहीच घडले नाही. काही घडलेच नाही, हीच सुधारणा होती. दादांनी महामार्गाचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

मोठ्या आवाजांची भीती ही शेवटपर्यंत टिकणारी गोष्ट आहे. कुत्र्याला आपल्याहून बरेच उंच स्वर ऐकू येतात. आपल्याला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत, तर त्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. ढोल, फटाके यांची सवय करायची तर आवाज अगदी लहान करून ऐकवावा आणि त्याच वेळी खाऊ द्यावा, मग हळूहळू आवाज वाढवावा. पावलॉव्हचाच नियम येथे आपल्या कामी येतो. मी दिवाळीआधी सहा आठवडे फोनवर फटाक्यांचा आवाज लावून हे केले. थोडा गुण आला, पूर्ण आला नाही. ऐन फटाक्यांच्या वेळी मात्र शिकवणे सोडून द्यावे. आतली खोली, बंद खिडक्या, लपायला जागा आणि आपली सोबत द्यावी. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतल्याने भीती वाढते हा समज खरा नाही. ते जवळ आले तर घ्यावे. मात्र त्याने यायला हवे, आपण ओढायचे नाही.

चांदी आजही उसाच्या ट्रॅक्टरचा आवाज आला की अंग चोरते. तो पाय आणि तो आवाज यांचा संबंध असेल, नसेल. ती सर्वांना हात लावू देत नाही. तिला तसे करायला आम्ही सांगतही नाही. कुत्रे घरचे झाले याची खूण शेपटी हलवणे किंवा पायात लोळणे हीच असते असे मला वाटत नाही. ते आपल्याकडे काही मागू लागले, आणि मागितले तर मिळेल असे त्याला वाटू लागले, ही खरी खूण होय. सेलिग्मनच्या पेटीतल्या कुत्र्यांपाशी नेमके हेच उरले नव्हते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही सर्वजण सोप्यात होतो. गल्लीत माळ लागली. चांदी आजीच्या खाटेखालून उठली. ती थरथरत होती. पण भिंतीला चिकटून बसण्याऐवजी ती लंगडत माजघराच्या बंद दारापाशी गेली, पुढच्या पंजाने दार दोनदा खरवडले आणि मान वळवून आमच्याकडे पाहिले.

आम्ही कोणी हलण्याआधी उठून कडी काढली ती दादांनी.